पाराबाईंचा पांघरूण दिवस

आमच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाराबाई म्हणतात, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. नावाला कारणं दोन. त्यांच्या घराच्या गच्चीवर एक तापमापक टांगलेला आहे आणि हिवाळाभर रोज पहाटे त्या तो वाचतात, हे एक. दुसरं कारण त्यांच्या तासाला जरा वेळ बसलं की आपोआप कळतं.

मी त्याच शाळेत भाषा शिकवते. शिक्षकांच्या खोलीत माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून आहे, त्यामुळे त्यांची सगळी चिडचिड आधी माझ्या कानावर पडते आणि मग बाकी जगाच्या. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण शाळेत काही ठरलं की माझ्या चहाच्या कपावर पहिली वही आपटणार, हे मी आता धरूनच चालते.

बाईंना खरं तर हवामान खात्यात जायचं होतं. लग्न झालं, मुलगा झाला, आणि तात्पुरती म्हणून धरलेली शाळेची नोकरी अंगाला चिकटली ती चिकटलीच. नवरा बसचालक, पहिल्या फेरीला अंधारातच घर सोडतो. मुलगा आता शिकायला परगावी. घरात दिवसभर सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात. नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे घरातला जुना तारेचा फोन काढून टाकायला त्यांनी कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

पांघरूण दिवस सुरू झाला तो चुकून. बाई शाळेत नव्या होत्या तेव्हा ऐन हिवाळ्यात वर्गांमधले हीटर बंद पडले. दुरुस्ती करणारा माणूस येतो येतो म्हणून येईना. मुलं हात काखेत घालून बसायची, फळ्यावरचं उतरवून घ्यायला बोटं वळत नव्हती. बाई वैतागून आपल्या वर्गाला म्हणाल्या, "उद्या घरून एकेक पांघरूण घेऊन या आणि गुंडाळून बसा. पण नकाशे काढा!"

दुसऱ्या दिवशी अख्खी शाळा पांघरुणं घेऊन आली. फुलाफुलांच्या रजया, चौकडीची ब्लँकेटं, आजीच्या शाली, एकाने तर खिडकीचा पडदाच काढून आणलेला. मधल्या सुट्टीत मैदानावर ती सगळी गाठोडी धावत होती. हीटर पुढे नीट झाले. पण पुढच्या वर्षी थंडी पडायला लागली तशी मुलं बाईंच्या मागे लागली, "बाई, पांघरूण दिवस कधी?"

"असा काही दिवस नसतो."

"पण गेल्या वर्षी होता."

"गेल्या वर्षी हीटर बंद होते!"

"मग यंदा कधी?"

बाईंनी हात टेकले. पिच्छा सोडवायचा म्हणून त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी पारा शून्याला टेकेल त्या दिवशी. बास?" त्यांना वाटलं, मिटलं. आणि इथेच त्या फसल्या. कारण पारा शून्याला टेकला की नाही हे सांगणार कोण? गावात तापमापक पहाटे उठून वाचणारी व्यक्ती एकच होती.

तेव्हापासून थंडीचे दिवस आले की त्यांच्या घरचा फोन पहाटेपासून वाजायला लागायचा. बाई गच्चीवर, नवरा कामावर, म्हणजे फोन घेणार नाना. "आज आहे का?" एवढंच विचारायचं. बाई जिन्यातून ओरडायच्या, "दोन आहे! नाही म्हणून सांगा!" नाना मग फोनवर सविस्तर सांगायचे, "आज नाही बरं का. दोनवर आहे. पण वारा आहे, कानाला काहीतरी बांधून जा." प्रत्येकाला वेगळं, प्रत्येकाला तितक्याच आपुलकीने. बाईंचा चहा गार व्हायचा.

"नाना, नुसतं नाही म्हणून ठेवून द्या ना!"

"अगं, पोरानं एवढ्या सकाळी उठून फोन केला. नाही म्हणून आपटू काय त्याच्या तोंडावर?"

शाळेत तर विचारूच नका. तीन महिने हाच विषय. गणिताची चाचणी असली की मुलांना हटकून थंडी वाजायची. एका वर्षी बाईंच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहणारी नववीतली मुलगी गच्चीत बर्फाचा ट्रे घेऊन तापमापकाशी उभी असलेली बाईंना सापडली. "बाई, मी फक्त मदत करत होते," असं ती म्हणाली. एका हिवाळ्यात पारा शून्याला टेकलाच नाही. मुलं महिनाभर बाईंकडे अशी बघत होती, जणू बाईंनीच तो वर धरून ठेवला होता.

दर वर्षी बाई माझ्यासमोर डोक्यावर हात मारून म्हणायच्या, "हे शेवटचं. पुढच्या वर्षी तापमापक देऊन टाकते कुणाला तरी." आणि दर वर्षी पहाटे गच्चीवर जायच्या.

मग गेल्या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्या. मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळेतून आलेल्या, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. वाईट अजिबात नव्हत्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की आपल्या मुलांना शाळेविषयी अभिमान वाटायला हवा, आणि त्यासाठी आपण 'उत्साह सप्ताह' करणार. सोमवारी जुळ्यांचा दिवस, म्हणजे दोघादोघांनी सारखे कपडे घालून यायचं. मंगळवारी आपापल्या गटाचा रंग. बुधवारी उलटा दिवस, मुलं शिकवणार आणि शिक्षक बाकावर. गुरुवारी गटांच्या घोषणांची स्पर्धा.

"आणि शुक्रवारी," त्या हसून म्हणाल्या, "आपला लाडका पांघरूण दिवस."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "कुठल्या शुक्रवारी?"

"सप्ताहाच्या. तारीख कॅलेंडरमध्ये घातली आहे."

"पण मॅडम, त्या दिवशी थंडी असेल कशावरून?"

"हिवाळाच आहे ना? पालकांच्या खूप तक्रारी आहेत. सकाळी उठून कळतं की आज पांघरूण द्यायचंय, धावपळ होते. त्यांना आधी कळायला नको का? परंपरा असली तरी तिला तारीख हवी."

यात खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती. बाई खाली बसल्या. मी हळूच म्हटलं, "सुटलात की! आता पहाटेचे फोन बंद."

"सुटले," बाई म्हणाल्या. पण त्यांचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात मुख्याध्यापिका पुढे म्हणाल्या, "आणि हा दिवस ज्यांनी सुरू केला त्याच सप्ताह समितीच्या प्रमुख असतील, हे ओघानं आलंच." शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्यावर आलं नाही या आनंदात माणूस किती मनापासून टाळ्या वाजवतो, ते त्या दिवशी बघायला मिळालं. माझ्याही टाळ्या त्यात होत्या.

सप्ताह आला. सोमवारी आठवीतल्या तीन जिवलग मैत्रिणींचं भांडण झालं, कारण जुळ्यांमध्ये तिसरी बसत नाही. जी बाहेर राहिली ती बाईंच्या टेबलापाशी उभी राहून हमसून हमसून रडली. बाईंनी तिला आपला राखाडी स्वेटर दिला, आपल्याकडचाच दुसरा राखाडी स्वेटर स्वतः चढवला आणि म्हणाल्या, "झालो आपण जुळ्या. आता नाक पूस आणि वर्गात जा." मंगळवारी निळ्या गटाने अंगाला लावायचा रंग जिन्याच्या भिंतीला लावला. शिपाईमामांनी बादली आणि फडकं समिती प्रमुखांच्या समोर आणून ठेवलं आणि निघून गेले. बुधवारी दहावीतल्या मुलाने भूगोलाचा तास घेतला आणि बाईंची इतकी हुबेहूब नक्कल केली की बाकावर बसलेल्या बाई सोडून सगळे हसले. गुरुवारच्या घोषणांनी शिट्टी सरांचा, म्हणजे आमच्या व्यायामाच्या सरांचा, घसा बसला. त्यानंतर त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी फक्त शिट्टीने सांगितलं.

"एवढा उत्साह अंगात असता," बाई मला म्हणाल्या, "तर मी घर सोडून डोंगरावर गेले असते. एकटी."

शुक्रवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. नुसतं ऊन नाही, दक्षिणेकडून कोमट वाराही सुटला. दोन दिवस आधी बाईंनी मुख्याध्यापिकांना सांगितलं होतं की हवा बदलतेय. त्या म्हणाल्या होत्या की आता सगळ्यांना कळवून झालंय, फोटोवालाही ठरलाय.

सगळी शाळा पांघरुणं गुंडाळून मैदानावर रांगेत उभी राहिली. मुलांचे चेहरे लालबुंद झाले होते. कपाळावरून घाम ओघळत होता. मुख्याध्यापिका स्वतः जाड लोकरीची शाल घेऊन समोर उभ्या होत्या आणि तशाच भाषण करत होत्या, तेवढं मात्र त्यांचं कौतुक करायला हवं. फोटोवाला म्हणत होता, "जरा थंडी वाजतेय असं दाखवा." मुलं दात वाजवून दाखवत होती आणि रजईच्या टोकाने घाम पुसत होती.

मधल्या रांगेतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. बाईंनी कुणालाही न विचारता माइक हातात घेतला.

"पांघरुणं काढा! सगळ्यांनी! आत्ताच्या आत्ता! खाली अंथरा आणि त्यावर बसा. पाणी प्या. शिट्टी सर, पाणी!"

मुलगी लगेच सावरली. थोडं पाणी, थोडी सावली, एवढंच हवं होतं. पण शाळेच्या पत्रिकेत जो फोटो छापून आला त्यात भर उन्हात अंथरुणं टाकून पडलेली मुलं दिसतात आणि वर मथळा आहे, 'उत्साहाची ऊब'. बाईंनी तो फोटो बघितला आणि पत्रिका उलटी करून तिच्यावर चहाचा कप ठेवला.

खरा वैताग पुढे होता. मुलं मुख्याध्यापिकांना काही बोलली नाहीत, बोलली ती बाईंना. "बाई, तुम्ही असं होऊ कसं दिलंत?" "बाई, हा काही खरा पांघरूण दिवस नाही." अकरावीतला एक जण तर म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"अरे, मी सांगत होते तेव्हा ऐकलं का कुणी?" बाई माझ्याकडे बघून कडाडल्या, जणू तो मीच होते. "तारीख असली तरी मीच, नसली तरी मीच! हवामान काय माझ्या माहेरून येतं?"

त्यानंतर हिवाळा पुन्हा घट्ट झाला. पारा खाली उतरत चालला. पण आता पांघरूण दिवस होऊन गेलेला होता, त्यामुळे फोन कुणी करेना. बाई गच्चीवर जाऊन वाचून येत होत्या, सवय म्हणून, आणि चहा गरम पीत होत्या.

सहामाही परीक्षेच्या पहिल्या दिवशी पहाटे त्या वर गेल्या तेव्हा गच्चीतल्या बादलीवर काचेसारखा पापुद्रा धरलेला होता. पारा बरोबर शून्यावर. "आता कशाला टेकलास रे मेल्या," असं त्या जिना उतरताना पुटपुटल्या. खाली आल्या तर नाना फोन खाली ठेवत होते.

"कुणाचा होता?"

"राँग नंबर," नाना म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले.

बाईंना घाई होती, पर्यवेक्षणाची पाळी होती. त्या बाहेर पडल्या. बस थांब्यावर दोन मुली चौकडीच्या ब्लँकेटमध्ये उभ्या दिसल्या. बाई भरभर चालायला लागल्या. पुढच्या चौकात आणखी चार. शाळेच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा मैदानावर सगळीकडे पांघरुणंच पांघरुणं, तोंडातून वाफा, आणि त्यांना बघितल्याबरोबर एकच आरोळी, "शून्य!"

मला फाटकातच गाठून त्या म्हणाल्या, "हे मी केलेलं नाही. तू साक्षीदार आहेस." मी कशाची साक्षीदार ते मला कळलं नाही, पण मी मान डोलावली आणि त्यांच्यामागे मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले.

"परीक्षेच्या दिवशी?" मुख्याध्यापिका उभ्याच होत्या. "पांघरुणात चिठ्ठ्या आणल्या तर तपासायच्या कशा? आणि हा दिवस तर झाला होता! तुम्हाला निर्णय पटला नव्हता हे मला माहीत आहे, पण म्हणून मुलांना परस्पर कळवायचं?"

"मी कुणालाही कळवलं नाही."

"मग शून्य आहे हे त्यांना कुणी सांगितलं?"

बाईंच्या डोक्यात प्रकाश पडताना मला समोर दिसला, आणि त्यापाठोपाठ पारा चढतानाही. "सासऱ्यांनी," त्या दात आवळून म्हणाल्या.

"सासऱ्यांनी?" मुख्याध्यापिकांना ही थट्टा वाटली. त्यांनी समोरच्या नोंदवहीतलं पान उघडलं, बाईंच्या घरचा नंबर लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. पलीकडे पहिली घंटा पुरती वाजायच्या आत नानांनी फोन उचलला. मुख्याध्यापिका "हॅलो" म्हणेपर्यंत ते सुरूही झाले.

"हो हो, आज आहे! शून्यावर आहे, अगदी टेकलाय. उशीर झाला का उठायला? असू दे, बाळ, धावू नकोस, रस्ता निसरडा आहे. काहीतरी गरम पिऊन जा आणि कान झाक. आणि पेपर नीट लिही हं."

फोन बंद झाला. मुख्याध्यापिकांचा हात अजून फोनवर होता.

"ते सगळ्यांशी असंच बोलतात?" त्यांनी विचारलं.

"माझ्याशी नाही," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिका हसल्या नाहीत, पण खुर्चीत बसल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. "बरं. आता करायचं काय? पांघरुणं काढून घेतली तर ही मुलं कुडकुडत पेपर लिहिणार नाहीत, रुसून बसतील. आणि ठेवली तर चिठ्ठ्या."

बाई अजून रागातच होत्या, आणि रागात त्यांचं डोकं नेहमी जास्त चालतं. "बदलून टाका," त्या म्हणाल्या. "दारातच. आठवीच्या मुलांची पांघरुणं अकरावीला, अकरावीची आठवीला. नववी, दहावी आणि बारावीची आपापसात. आपलं पांघरूण कुणाकडे जाणार हे कुणालाच माहीत नाही. चिठ्ठी असलीच तर भलत्याच इयत्तेची निघेल."

असं झालं की त्या सकाळी परीक्षेच्या दालनात मिशी फुटलेली दांडगी मुलं ससे छापलेल्या गुलाबी रजयांमध्ये बसली होती आणि आठवीची पोरं पायात अडकतील अशा ब्लँकेटांत हरवून गेली होती. 'अपेक्षा नव्हती' म्हणणारा तो अकरावीतला शहाणा एका विरलेल्या, ठिगळ लावलेल्या शालीत बसला होता. पहिला तास तो ती खांद्यावर नुसती टेकवून बसला. मग थंडी झोंबायला लागली तशी त्याने ती घट्ट लपेटली. पेपर झाल्यावर शालीची मालकीण ती घ्यायला आली तेव्हा तो म्हणाला, "खूप उबदार आहे ही." ती लाजून लाल झाली. बाईंनी हे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बघ, बोलायला येतं याला माणसासारखं."

संध्याकाळी मात्र त्या घरी गेल्या त्या तोफ डागायच्या तयारीनेच. पुढचं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"राँग नंबर काय नाना? राँग नंबर?"

नाना भाजी निवडत बसले होते. "बारावीतली पोर होती. म्हणाली, आजोबा, आता काही नसतं ते माहितेय, पण माझं शाळेतलं शेवटचं वर्ष आहे, असंच विचारते, आज शून्य आहे का? तू जिन्यात पुटपुटलीस ते मी ऐकलं होतं. खोटं सांगू तिला?"

"मला तरी सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस." मग त्यांनी निवडून ठेवलेली भाजी उगाच परत निवडायला घेतली. "फोन वाजेना तेव्हा मला वाटलं, बिघडला. आमच्या खात्यातल्या पोराला बोलावून तपासून घेतला. तो म्हणाला, आजोबा, फोन चांगला आहे, कुणी करतच नाही."

बाईंना भयंकर राग आलेला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. मग त्यांनी नानांच्या हातातली भाजी काढून घेतली आणि म्हणाल्या, "निवडलेलीच निवडताय. उठा, मी करते."

मुख्याध्यापिकांनी मग तोडगा काढला. उत्साह सप्ताह राहील, पण त्यातला शुक्रवार रिकामा. पांघरूण दिवस पाऱ्यावर. पालकांना एवढंच कळवायचं की हिवाळाभर एक पांघरूण दाराशी घडी करून ठेवा. आणि अदलाबदल कायमची, परीक्षा असो वा नसो, कारण ती मुलांना मूळ दिवसापेक्षाही जास्त आवडली होती. समितीचा राजीनामा बाईंनी लिहून दिला होता. मुख्याध्यापिकांनी तो वाचला, छान लिहिला आहे म्हणाल्या आणि परत दिला.

यंदा दिवस लवकर आला. शाळा सुटेपर्यंत सगळी मजा होती. शाळा सुटली आणि आपलं पांघरूण कुणाकडे आहे हे कुणालाच आठवेना. मैदानावर तासभर गोंधळ चालला. मुलं एकदाची घरी गेली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बिनमालकाच्या पांघरुणांचा ढीग पडला होता, आणि ढिगापाशी बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"यातलं एक ओलं आहे," त्या म्हणाल्या. "का ओलं आहे ते मला विचारायचंसुद्धा नाही. आणि हे बघ, याच्या टोकाला च्युइंगम. हे धुवायचं कुणी? सांग ना, कुणी?"

मी माझी पिशवी उचलली. बाईंनी च्युइंगमवालं ब्लँकेट घडी करून काखेत मारलं, ओलं दुसऱ्या हातात घेतलं, आणि कोपराने दिवा बंद करत म्हणाल्या, "दार धर जरा. नुसती उभी काय राहतेस?"